जोडा की जाडा

पाठीला पोक आलेला, काचेच्या जड नळीचा एक जुना टीव्ही तुमच्याशी बोलतो आहे, मित्रांनो. माझी गोष्ट ऐकण्यासारखी आहे की नाही, याची मला खात्री नाही. पण मागच्या उन्हाळ्यात माझ्या हातून एक काम झाले आणि त्या कामात एक घोळही झाला. तेवढे सांगतो.

कारखान्यात माझी नळी बसवली, रंग जुळवले आणि खोक्यात भरून मला परभणीच्या बाजारात पाठवले. तिथून वालूरच्या एका शेतकरी घरात आलो. तेव्हा गल्लीत टीव्ही थोडे होते. रविवारी लोक ओसरीपर्यंत बसत. "रंग काय झक्क हायेत," असे कुणी म्हणाले की मला बरे वाटे. चित्र चांगले दिसत होते, आणि त्याच्या कडा माझ्या चौकटीमागे थोड्या झाकल्या जातात हे कुणाच्या लक्षात येत नव्हते. चित्रात तेवढ्याने काही बिघडत नाही.

पुढे भिंतीवर सपाट टीव्ही आला. मला माळ्यावर, ज्वारीच्या पोत्यांशेजारी ठेवले. अंगावर आधी जुने लुगडे होते. नंतर तेही कुणीतरी नेले. बरीच वर्षे माझ्याकडे कुणी पाहिले नाही.

या घरातल्या पार्वतीबाईंची नजर मधल्या काळात अधू झाली होती. त्यांचा गळा चांगला. भावकीतल्या प्रत्येक लग्नात मंगलाष्टक त्या म्हणत. दुसऱ्याने म्हणून दाखवलेले त्यांच्या तोंडी बसत नसे. कागद स्वतः वाचायचा, मगच पाठ करायचा, अशी त्यांची रीत. त्यामुळे नजर मंदावली तसे त्यांचे मंगलाष्टकही बंद पडले. मग मुलाने त्यांना वाचनयंत्र आणून दिले. कागद एका सरकत्या पाटावर ठेवायचा, वरचा कॅमेरा तो टिपतो आणि अक्षर पडद्यावर तळहाताएवढे होते. पार्वतीबाई पुन्हा वाचू लागल्या.

भाची राजेश्रीचे लग्न ठरले आणि भाऊ महारुद्र यांनी, म्हणजे नवरीच्या वडिलांनी, मंगलाष्टक लिहून पाठवले. त्याच आठवड्यात यंत्राचा पडदा काळा पडला. दुरुस्तीवाल्याने सांगितले, "हा पडदा आता मिळत न्हाई. दुसरं काही जोडून बघा."

सून बबिताने आधी भिंतीवरचा टीव्ही जोडला. पण कागद सरकवला की अक्षरे उशिराने, फरफटत मागून येत. पार्वतीबाईंना गरगरायला लागले. संगणकाच्या पडद्याला यंत्राच्या वायरीची पिन लागेना. तेव्हा बबिताला मी आठवलो. तिने मला खाली उतरवले, पुसले आणि पाठीमागच्या पिवळ्या भोकात वायर खोचली. कागद हलला तसे अक्षर हलले.

"आई, दिसायलंय का?"

"दिसायलंय की. लय साफ दिसायलंय," पार्वतीबाई म्हणाल्या.

त्या रोज माझ्यासमोर बसून एकेक ओळ म्हणू लागल्या. तिसऱ्या कडव्यापाशी मात्र थांबल्या. तोंडातल्या तोंडात पुन्हा म्हणून पाहिले आणि यंत्र बंद केले.

"बबिता, महारुद्राला सांग, मी मंगलाष्टक म्हणणार न्हाई. ह्याची चेष्टा जन्मभर सोसली मी. पण भर मांडवात जावयाला जाडा म्हणायचं?"

नवरदेव श्रीराम चारठाण्याचा. अंगाने चांगलाच भरलेला. महारुद्र थट्टेखोर म्हणून सगळ्या पाहुण्यांत प्रसिद्ध. तेव्हा बबितालाही ते खरेच वाटले.

निरोप मिळताच महारुद्र आले. "आक्का, मी जोडा लिवलंय."

"मी माझ्या डोळ्यानं वाचलंय. जाडा हा दिसतो किती सुबक हो, डोळे निवाले इथे. वृत्तात पण चपखल बसवलायस."

"अगं, कागद बघ ना हा."

"कागद दिसला असता तर ह्या डब्यापुढं कशाला बसले असते?"

 महारुद्रांनी यंत्र चालू केले आणि माझ्या पडद्यात वाकून पाहिले. तिथे स्वच्छ 'जाडा' होते.

ओळ पडद्याच्या अगदी वरच्या डाव्या कोपऱ्यातून सुरू होत होती. माझे कोपरे गोल आहेत. 'जो'च्या डोक्यावरची मात्रा तिथेच चौकटीमागे गेली होती आणि खाली नुसता काना उरला होता.

बबिताने पाट हळूच सरकवला. शब्द कोपऱ्यातून मधे आला आणि त्याच्यासोबत मात्राही आली.

"आता वाचा, आई."

पार्वतीबाई पडद्याजवळ सरकल्या. "जोडा," त्या म्हणाल्या. मग भावाकडे वळल्या. "आन मी तुला इतकं बोलले ते?"

"ते असू दे. पुढच्या चेष्टेला उपयोगी पडंल."

पण जिभेला 'जाडा'चीच सवय झाली होती. चार वेळा म्हटले की एकदा तरी तोच शब्द येई. पार्वतीबाई म्हणाल्या, दुसऱ्या कुणाला सांगा. महारुद्र म्हणाले, "आक्का म्हणंल, न्हाईतर कुणीच न्हाई." लग्नाला निघेपर्यंत त्या माझ्यासमोर तेवढा एकच शब्द मधोमध धरून बसत होत्या.

लग्न पोखर्णीला झाले. मी तिथे नव्हतो. बबिताने परत आल्यावर शेजारणीला सांगितले ते ऐकले. तिसऱ्या कडव्याला पार्वतीबाई क्षणभर थांबल्या. अंतरपाटाजवळ महारुद्र मान खाली घालून उभे होते. मग पार्वतीबाईंनी 'जोडा' म्हटले, स्पष्ट आणि लांबवून. महारुद्रांनी डोळे पुसले. पाहुण्यांना वाटले, मुलगी सासरी चालली म्हणून.

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू भंगारात देण्याआधी तिची पाठ एकदा पाहा. कुणाच्या तरी उपयोगी पडेल अशी जागा तिथे असू शकते. तिला कोरडे ठेवा, धूळ झटका. आणि दुसऱ्याच्या जागी कामाला लावाल तेव्हा तिच्या पडद्याचे कोपरेही तपासून घ्या. तिथे दडलेल्या एका मात्रेपायी सख्ख्या बहीणभावात अबोला आला असता.