जाऊबाई मागे चालतात

एका सकाळी कामाला निघताना जाऊबाईंचा उजवा पाय उंबऱ्यातच थांबला. दुखला नाही, सुजला नाही, मुरगळला नाही. नुसता थांबला. ओढला की ओल्या पोत्यासारखा मागून फरफटत यायचा. त्यांनी वाकून त्याला एक चापट मारली आणि मला म्हणाल्या, "बघ गं, मेल्याला आजच सुट्टी हवीय."

आम्ही दोघी सख्ख्या जावा, एकाच धुलाईच्या कारखान्यात कामाला. हॉटेलांच्या चादरी तिथे येतात. इस्त्रीच्या रोलरमधून निघालेली गरम चादर दोघींनी दोन टोकांना धरायची, मागे सरकत ताणायची, पुढे येऊन टोकं जुळवायची, की पुन्हा मागे. दिवसभर तेच. नवीन बाई आली की मुकादम तिला जाऊबाईंसमोर उभी करायचा आणि म्हणायचा, "बोलू नकोस, नुसती बघ."

पाय थांबला तशा आम्ही मोठ्या दवाखान्यात गेलो. त्या दवाखान्याला दोन दारं आहेत. एक फुकटवाल्यांचं, एक पैसेवाल्यांचं. आत गेल्यावर डॉक्टर बरेचसे तेच असतात, फक्त त्यांच्या तोंडातली भाषा बदलते.

आमच्या दाराच्या डॉक्टरने मेंदूचा फोटो काढायला लावला. फोटो स्वच्छ आला. आनंदाची गोष्ट म्हणायची, पण त्या फोटोनंतर जाऊबाई रोगी राहिल्या नाहीत, संशयित झाल्या. एका शिकाऊ डॉक्टरने त्यांच्या तळव्याला टाचणी टोचली. त्यांना ती कळली नाही. मला कळली.

"घरात भांडणं होतात का?" डॉक्टरने विचारलं.

"होतात की," जाऊबाई म्हणाल्या. "तुमच्याकडे होत नाहीत?"

त्याने त्यांना मनाच्या डॉक्टरकडे पाठवलं. मनाचा डॉक्टर म्हणाला, बाई हसतायत, बोलतायत, जेवतायत, हे मेंदूवाल्यांचं काम आहे. मेंदूवाल्यांनी पुन्हा परत धाडलं. चाकाच्या खुर्चीत बसवून मी त्यांना ह्या मजल्यावरून त्या मजल्यावर ढकलत होते आणि जो तो आम्हाला आपल्या दारातून पुढे ढकलत होता. एक नर्स तर माझ्या देखत दुसरीला म्हणाली, "आली बघ नाटक कंपनी." जाऊबाईंनी ऐकलं. "तिकीट काढलंयस का गं?" एवढंच त्यांनी विचारलं.

त्याच सुमारास मालकाच्या मेहुणीचा हात लुळा पडला. मुकादमानेच सांगितलं. तिचाही फोटो स्वच्छ. पण ती दुसऱ्या दाराने गेली. तिथे तिच्याशी कुणीतरी तासभर बोललं, तिच्या आजाराला नाव मिळालं, रोजचा व्यायाम सुरू झाला, आणि थोड्या दिवसांत ती त्याच हाताने केस विंचरायला लागली. ती बरी झाली याचं मला वाईट वाटलं नाही. पण एकाच इमारतीत, एकाच रोगाला तिच्यासाठी नाव असतं आणि आमच्यासाठी शिवी असते, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

जाऊबाईंनी काम सोडलं नाही. मी त्यांना कारखान्यात नेऊन स्टुलावर बसवायची आणि त्या बसून उशांचे अभ्रे घडी करायच्या. एकदा मुकादम बाहेर गेला होता. मी एकटीच मोठी चादर ताणत होते आणि तिचं एक टोक जमिनीकडे घसरलं. धुतलेली चादर जमिनीला लागणं जाऊबाईंना बघवत नाही. त्या ताडकन उठल्या, टोक पकडलं आणि मागे सरकल्या. एक पाऊल, दुसरं, तिसरं. उजवा पाय उचलला जात होता, टेकत होता, चोख. टोकं जुळवायला पुढे यायला निघाल्या, आणि पाय पुन्हा पोतं.

आम्ही दोघी चादरीच्या दोन टोकांना तशाच उभ्या. मी हसत होते की रडत होते, मला सांगता येणार नाही.

घरी भाऊजींना, म्हणजे जाऊबाईंच्या नवऱ्याला, सांगितलं, तर त्यांचा चेहरा उतरला. "कुणाला बोलू नका," ते म्हणाले. "डॉक्टरला कळलं की पाय मागे चालतो, तर उद्यापासून दारात उभं करणार नाहीत. आधीच खोटारडी ठरवलीय." आम्हालाही पटलं. गरिबाने आजारी दिसायचं तर पुरतं आजारी दिसावं लागतं, मधेच बरं वाटण्याची त्याला परवानगी नसते. मग दर खेपेला डॉक्टर विचारायचे, "पाय अजिबात हलत नाही?" आणि आम्ही तिघं एका सुरात म्हणायचो, "अजिबात नाही."

नंतर नव्या डॉक्टरीणबाई आल्या. तरुण होत्या आणि खुर्ची पुढे ओढून बसल्या. त्यांनी वेगळंच विचारलं. "कधीच हलत नाही? घाईत, कामात, विसरून एखाद्या वेळी?"

"नाही," भाऊजी म्हणाले.

मी जाऊबाईंकडे बघितलं आणि चेहऱ्यावरूनच ओळखलं, ह्या आता खरं बोलणार. या डॉक्टरीणबाईंनी आमच्यावर फुली मारली असती, तर हे शेवटचं दारही बंद झालं असतं. चालायचं कुणी शिकवलं नसतं, आणि स्टुलावरची बाई मुकादमाने आणखी किती दिवस ठेवली असती?

"हलतो," जाऊबाई म्हणाल्या. "मागे जाताना हलतो."

भाऊजींनी डोळे मिटून घेतले.

"दाखवता?"

जाऊबाईंनी तपासणीच्या पलंगावरची चादर ओढली आणि एक टोक माझ्याकडे फेकलं. "धर. आणि नीट ताण, घरच्यासारखी नको." त्या खुर्चीतून उठल्या आणि मागे सरकत थेट दारापर्यंत गेल्या. मग पुढे यायला लागल्या आणि पलंगावर कोसळता कोसळता वाचल्या. खोटं बोलणारं माणूस इतकं उघडं पडून उभं राहत नाही. मला तेव्हा वाटलं, हिच्याएवढी छाती त्या अख्ख्या दवाखान्यात कुणाला नाही.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना झोपवलं. उजव्या टाचेखाली स्वतःचा हात ठेवला आणि सांगितलं, डावा पाय वर उचला, मी दाबते, सोडू नका. मग त्यांनी भाऊजींना बोलावलं आणि त्यांचा हात टाचेखाली ठेवला. भाऊजी दचकले. "दाबतेय," ते म्हणाले. "ही उजव्या पायाने खाली दाबतेय."

"मी काही करत नाहीये हो," जाऊबाई घाबरून म्हणाल्या.

"तेच तर. तुम्ही करत नाही, पाय करतोय. नस शाबूत आहे. हुकूम पोचायची वाट मधेच अडतेय. पायाकडे लक्ष गेलं की अडते, कामात गेलं की मोकळी होते. याला फंक्शनल आजार म्हणतात. खरा आजार आहे, आणि शिकवून सुधारतो. सगळेच पूर्ण बरे होतात असं नाही, पण तुमचा पाय मागे चालतोय, ही चांगली खूण आहे. हे आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुमची माणसं काय म्हणाली असती?"

डॉक्टरीणबाईंनी आपल्या माणसांचा बचाव केला नाही, एवढं मी त्यांच्या बाजूने लिहून ठेवते.

त्यांनी व्यायामाला पाठवलं. तर आमच्या दाराला व्यायामाची ताई एकच, आणि तिची तारीख पुढच्या वर्षीची. खिडकीतला माणूस म्हणाला, तोवर घरी चाला. जाऊबाई म्हणाल्या, "चालता आलं असतं तर तुझं तोंड बघायला आले असते का रे?"

मग मला म्हणाल्या, खुर्ची त्या बाजूला घे.

दुसऱ्या दाराकडचा हॉल काचेचा होता. आत चकचकीत दांड्या, मोठा आरसा, तिथली व्यायामाची ताई, आणि रोगी एकही नाही. आम्ही आत शिरलो. शिपाई धावत आला. "बाई, उठा इथून."

"उठता येत नाही. आत्ताच तुमच्या डॉक्टरांनी सांगितलंय, खरा आजार आहे."

"मग खुर्ची बाहेर न्या."

जाऊबाईंनी चाकाचा ब्रेक लावला. भाऊजी भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. गर्दी जमली, कुणीतरी साहेबांना बोलवा म्हणालं. साहेबांच्या आधी डॉक्टरीणबाई आल्या. त्या शिपायाशी बोलल्या, फोनवर बोलल्या, फोनवर आवाज चढवून बोलल्या. शेवटी त्यांनी फोन बंद केला आणि आतल्या व्यायामाच्या ताईला म्हणाल्या, "दुपारी हा हॉल रिकामाच असतो. माझ्या नावावर घे."

ताईने जाऊबाईंना दांड्यांमध्ये उभं केलं. "मागे जाता ना? मग मागूनच सुरुवात करू. मग आडवं. पुढचं आपोआप येईल. पायाकडे बघायचं नाही, माझ्याशी भांडत राहायचं."

"ते मला जमतं," जाऊबाई म्हणाल्या.

त्या मागे गेल्या, आडव्या गेल्या, आणि ताईला तिच्या सासरबद्दल काहीतरी खोचक विचारता विचारता अर्धं पाऊल पुढे आल्या. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. तेवढ्यात त्यांची नजर काचेबाहेर गेली. बाकावर आमच्याच दाराच्या रांगेतला एक टेम्पोवाला थरथरता हात दुसऱ्या हाताने दाबून बसला होता.

"ओ दादा," जाऊबाईंनी आतून हाक मारली. "मघाशी चहा पिताना तुमचा हात थरथरत नव्हता. मी बघितलंय."

टेम्पोवाल्याने हात चटकन खिशात घातला.

"लपवता काय? आत या आणि ताईंना दाखवा."