खात्रीबाईची काळजी

"ही सुई नक्की माझीच ना?" तिने विचारलं.

परिचारिकेने कागद तिच्यासमोर धरला. "वाचा. हवं तर दोनदा वाचा."

तिने तीनदा वाचला. परीक्षा विभागात बैठक क्रमांक जुळवण्यात तिची सहा वर्षं गेली होती. घरीही गॅसची कळ तीनदा पाहिल्याशिवाय तिचा पाय बाहेर पडत नसे. सासूबाईंनी तिचं नावच खात्रीबाई ठेवलं होतं. आणि आज, आठवा महिना नुकता लागलेला असताना, कळा सुरू झाल्या होत्या.

"बाळाची फुप्फुसं अजून कच्ची आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दिवस भरत आले की बाळाच्याच अंगात एक संप्रेरक वाढतं, त्याने ती तयार होतात. आपण त्याच जातीचं औषध आधी देतोय. आज अकराला एक सुई, उद्या अकराला दुसरी. कळा थोपवायचं औषध चालू आहेच. परवापर्यंत निभावलं तर जिंकलो."

"हे संप्रेरक काळजीनेही वाढतं ना? मी वाचलंय," ती पुटपुटली.

"मग हिला सुई कशाला?" उशाशी बसलेल्या सासूबाई म्हणाल्या. "ही तर कारखानाच आहे!"

डॉक्टरीणबाई हसल्या. "यांचं बहुतेक वारेतच, नाळेच्या मुळाशीच अडतं, आजी. बाळापर्यंत फारसं पोचत नाही. सुईचं पोचतं."

म्हणजे जन्मभर जीव टांगणीला लावला, आणि बाळाला त्याचा कवडीचा उपयोग नाही! तिला हसू आलं, पाठोपाठ रडूही. कुशीवर पडून ती घड्याळ बघत राहिली. कळ आली की ओठ आवळायचे आणि सासूबाईंचं मनगट धरायचं. दुसऱ्या दिवशी दुसरी सुई झाली, तोवर त्या मनगटावर नखांचे वळ उठले होते. सासूबाई एकदाही "हाय" म्हणाल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी दुपारी मात्र कळा कुणाचं ऐकेनात.

बाळ झालं. डॉक्टरीणबाईंनी त्याची पाठ चोळली. मग मांजराच्या पिलासारखा चिरका आवाज आला, आणि लगेच दुसरा, चांगला तापट.

"मुलगी. श्वास स्वतःचा स्वतः घेतेय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उबेसाठी पेटीत ठेवू, बस."

संध्याकाळी चाकाच्या खुर्चीतून तिला बाळांच्या खोलीच्या काचेपाशी नेलं. सासूबाई दुपारपासून तिथेच उभ्या होत्या.

"आई, बसा ना जरा."

"तू जा, झोप. काळजी आता माझ्याकडे दे."

पेटीतली मूठभर छाती वर झाली की सासूबाईंचे खांदे वर होत, खाली आली की खाली. त्यांच्या श्वासाने काचेवर वाफ धरे. ती तळहाताने पुसून त्या पुन्हा नाक टेकवत.