डोंग्यातल्या गोष्टी

मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, सुटली त्या वर्षी कुंता लग्न होऊन सावलीजवळच्या एका गावात, मासेमार ढिवरांच्या मोहल्ल्यात आली. घर एकाच खोलीचं. त्यात सासू मनकर्णा, मोठी जाऊ रंभा, दीर आणि त्यांची चार पोरं. नवऱ्याशी, इस्तारीशी, दोन शब्द बोलायला कोपरा नव्हता. चारचौघांत नवराबायकोनं बोलायची रीतही नव्हती.

म्हणून सकाळी इस्तारी तलावात जाळं टाकायला निघाला की ती डोंगा वल्हवायला सोबत जायची. तलावाच्या मधोमध पोचलं की तिचं तोंड सुटायचं. काठावरून दोघं सगळ्यांना दिसायची, पण ऐकायला कोणी नाही. रुसवेफुगवे तिथंच, लाडही तिथंच.

कार्तिकातल्या एका सकाळी मात्र ती रडली.

"माय बिमार हाये म्हनते. मायेरी, मूल गावाले, जावाव वाटते. पन धान कापाले आला, सासूबाईले कोन्या तोंडानं इचारू?"

"मी इचारतो."

"नोका. बायकोचं आयकते म्हनतीन तुमाले."

डोंगा काठाला लागला तर मनकर्णा गाठोडं घेऊन उभी. त्यात लुगडं, लाखोळीची डाळ, सुकी मासोळी.

"जाय मायकडं. पाटलाची बैलबंडी मूलच्या बजाराले चालली."

"तुमाले कोनं सांगतलं, बाई?"

धुणं धूत बसलेली रंभा हसली. "पान्यावरून आवाज येते वं. पयल्या दिवसापासून येते."

"सबन? सारंच?"

"सबन नाई. तुमी दोघं हासाले लागले का आमी कपडे जोरानं आपटतो."

कुंता लाजेनं लाल झाली. आठ दिवसांनी माय बरी झाल्यावर ती परतली, पण डोंग्यात पाय ठेवीना. इस्तारी दोन दिवस एकटाच गेला.

तिसऱ्या दिवशी मनकर्णानं चुलीपाशी विचारलं, "काऊन गेली नाई?"

"लाज वाटते, बाई."

मनकर्णानं चुलीत लाकूड सारलं. "मी बी जात होती, तुह्या सासऱ्यासंग. काठावर आयकू येते हे माह्या सासूनं ती मरेपर्यंत मले सांगतलं नाई. मीच गाठोडं घेऊन उभी रायली अन् तुले समजलं. चुकलं माह्यं."

दुपारी तिनं दोन्ही लेकांना लावून धानाची ढोली, बांबूची उंच कणगी, भिंतीपासून पुढं सरकवली. तिच्यामागं दोन माणसं बसतील एवढा आडोसा झाला.

त्या संध्याकाळी कुंता तिथं बसून इस्तारीला मायच्या दुखण्याचं सांगत होती, आवाज अगदी खाली आणून. अंगणात मनकर्णा नातवंडांना दटावत होती, "आत जाऊ नोका रे. इथीच खेळा."