वरच्या फळीवरचा पाहुणा

तानेली मोइलानेनने चुलीतला शेवटचा निखारा फावड्याने ओढून बर्फात विझवला, धूर जायला झरोका उघडला आणि सौनाचं, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराचं, दार लोटून घेतलं. आता घटकाभर आत कुणी जायचं नाही. चुलीवर तापलेले दगड निवांत झाले की वाफ गोड येते, असं त्याची आई म्हणायची, आणि रशिया रणगाडे घेऊन फिनलंडवर चालून आला म्हणून आईचं म्हणणं काही बदलत नाही. या जंगलात आल्यावर तुकडीने खंदकांच्याही आधी ओंडक्यांची ही सौना उभी केली होती. त्याची कुणाला लाज नव्हती.

लाज वाटत होती ती वेगळ्याच गोष्टीची. सकाळपासून तो आणि त्याचा मेव्हणा एमेली क्युल्योनेन स्कीवरून रान पालथं घालून आले होते आणि हात हलवत परतले होते. रशियनांची लांबलचक फौज पलीकडच्या रस्त्यावर अडकून पडली होती. तिच्या मदतीला आणखी रणगाडे येताहेत का, हे सांगू शकेल असा एक जिवंत कैदी लेफ्टनंट फोर्सबर्गना हवा होता. नाही मिळाला, तर रात्री या दोघांना त्या रस्त्यावर, मशीनगनच्या तोंडी जाऊन एक उचलून आणावा लागणार होता.

एमेलीचं लग्न शरदात झालं होतं, तानेलीच्या धाकट्या बहिणीशी. निघताना हिल्या भावाला एवढंच म्हणाली होती, "याला परत आण." तिला काय तोंड दाखवायचं, या विचाराने तानेलीला दिवसभर भाकरी गोड लागली नव्हती.

"तुमच्या स्की केवढ्या करकरतात हो, जावईबापू. रशियन पळतील नाही तर काय करतील?"

"पळायला होते कुठे? दादा, सबंध रानात एक ससासुद्धा दिसला नाही."

दुपारीच अंधारून आलं होतं. सौनाच्या पुढच्या पडवीत चाचपडत त्यांनी कपडे खुंट्यांवर टाकले, बंदुका भिंतीला लावल्या आणि उघड्या अंगाने ते आत शिरले. आत काळामिट्ट काळोख. बसायच्या वरच्या फळीवर कुणीतरी आधीच बसलं होतं. काल मागच्या ठाण्यावरून नवी माणसं आली होती, त्यांच्यातलाच असणार.

"दगडांना जरा विसावा द्यावा, एवढंही घरी शिकवलं नाही वाटतं?" तानेली कुरकुरला.

माणूस काहीच बोलला नाही, आणि तानेलीचं समाधान झालं. बडबड्या असता तर संशय आला असता. गप्प बसलेला माणूस म्हणजे आपलाच, हे फिनलंडात लहान पोरालाही ठाऊक.

तानेलीने दगडांवर पाणी मारलं. वाफ अंगावर आली तशी त्याची हाडं सैलावली. गप्प माणसाने बर्च झाडाच्या डहाळ्यांची जुडी भिजवली आणि अंग मोकळं व्हावं म्हणून न सांगता त्याच्या पाठीवर मारायला सुरुवात केली, खांद्यापासून कमरेपर्यंत, एका लयीत.

"हात चांगला आहे," तानेली म्हणाला.

"मग आमच्याही पाठीला लाभू द्या की," एमेली म्हणाला.

तानेली अंग निववायला बाहेर आला. तंबाखूची चंची शोधताना त्याच्या हाताला एक टोपी लागली, वर टोक असलेली. त्याने काडी ओढली. टोपीवर लाल तारा होता. खाली भिंतीला तिसरी बंदूक टेकवून ठेवली होती, रशियन बनावटीची.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! त्याला हसू फुटलं, पण ते अर्ध्यावरच राहिलं. हा माणूस आधी आला होता. गारठून, धुराच्या वासावर आला असेल. पण बंदूक मांडीवर घेऊन बसला असता तर दोन नागव्या माणसांना टिपायला कितीसा वेळ लागतो? त्याने तर ती बाहेर ठेवली होती आणि पाहुण्यासारखी टोपी खुंटीला लावली होती.

तानेलीचा हात त्या बंदुकीवर होता. एक हाळी दिली की काम फत्ते, एमेली रात्री तंबूत घोरणार. पण त्यांच्या घरात सौनातून आजवर कुणाला ओढून काढलं नव्हतं. बांधावरून कोर्टात भांडणारा शेजारीसुद्धा शनिवारी येऊन, बापाकडून पाठ चोळून घेऊन जायचा. थंडीने त्याचे दात वाजू लागले. त्याने हात काढून घेतला आणि तो आत गेला.

"दार लावा, दादा, वाफ जाते!"

पाठोपाठ लेफ्टनंट फोर्सबर्ग आले आणि वर चढून बसले.

"मोइलानेन, कैद्याचं काय झालं?"

"मिळेल, साहेब. आधी आंघोळ होऊ द्या."

"चेष्टा करताय?"

"सौनात कोण चेष्टा करतं, साहेब?"

जुडी आता साहेबांच्या पाठीवर चालू लागली. ते समाधानाने हुंकारले. "हा नवा दिसतोय."

"आजच आलाय," तानेली म्हणाला.

थोड्या वेळाने उकाडा सोसेना म्हणून लेफ्टनंट बाहेर गेले. काडी ओढल्याचा आवाज आला, आणि मग काहीच ऐकू येईना. साहेबांचं पिस्तूल तिथेच लटकत होतं. पिस्तूल आत आलं, तर हा बिथरणार, आणि एमेली दोघांच्या मध्ये. वर जुडी थांबली होती. अनोळखी माणसाचा श्वास जोरात चालू होता. बाहेर आपली टोपी सापडली, हे त्यालाही कळलं असावं. तानेली उठला आणि दाराच्या अगदी समोर जाऊन बसला.

दार उघडलं. लेफ्टनंट फोर्सबर्ग होते तसेच उघडे उभे होते, दोन्ही हातांत बर्फाने शिगोशीग भरलेली बादली धरून.

"पाणी संपत आलं असेल," ते म्हणाले. "आणि क्युल्योनेन, तुमचं रात्रीचं जाणं रद्द."

"का, साहेब?"

त्यांनी बादली खाली ठेवली, लाकडी डाव उचलला आणि दांडा पुढे करून वरच्या फळीवरच्या माणसाच्या हातात दिला. त्याने तो घेतला. बराच वेळ तो नुसता धरून बसला. मग वाकून त्याने दगडांवर पाणी टाकलं. वाफ फुसफुसत वर चढली आणि सगळ्यांच्या माना एकदम खाली गेल्या.

"दादा," कोपऱ्यातून एमेलीचा तृप्त आवाज आला, "हा नवा माणूस सोडू नका हं. आपल्याच तंबूत घ्या."