सहापैकी पाच

आमच्या पॅनेलचे सहा उमेदवार, त्यातले पाच निवडून आले. जो एक पडला तो माझा नवरा.

हे पॅनेल उभं केलं ते त्यांनीच. नगरपालिकेत आपली साधी माणसं हवीत, असं दोन वर्षं घोकून घोकून त्यांनी सायकलवाल्याला तयार केलं, कंपाउंडरला केलं, शिंपीणबाईंना केलं. शिंपीणबाई तर अर्ज भरताना रडत होत्या. मतमोजणीच्या रात्री त्या तीनशे मतांनी आल्या आणि पुन्हा रडल्या. आमचे हे एकोणीस मतांनी गेले. आकडा ऐकून ह्यांनी सगळ्यांच्या आधी शिंपीणबाईंसाठी टाळ्या वाजवल्या, "चहाला कप आणतो" म्हणाले आणि मागच्या खोलीत गेले ते गेलेच.

हे पेंटर, दुकानांच्या पाट्या रंगवतात. पुढच्या खोलीत तयार पाट्या वाळत ठेवलेल्या, मागच्या खोलीत रंगाचे डबे आणि टर्पेंटाइनचा वास. त्या रात्री पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. दर दोन मिनिटांनी कुणीतरी ओरडायचं, "वहिनी, पेंटरला बाहेर काढा! त्याच्याशिवाय मजा नाही!"

चहा गाळता गाळता मीही मनात तेच म्हणत होते. माणसानं असं तोंड लपवून बसू नये. खरं सांगायचं तर मला त्यांचा रागच आला होता. गावभर भिंतींवर पाचही जणांची नावं ह्यांनी हातभर काढली आणि स्वतःचं वीतभर. मी शिडी धरून खालून ओरडत होते, अहो, जरा मोठं काढा! "दिसतंय की," म्हणाले. लष्कराच्या भाकऱ्या भाजाव्यात तर ह्यांनीच.

शेवटी मी मागे गेले. ते उपड्या डब्यावर बसून स्वच्छ असलेला ब्रश पुन्हा धूत होते.

"चला बाहेर. तुमच्यामुळे पाच जण जिंकलेत."

"येतो."

"हे तुम्ही अर्ध्या तासापूर्वीही म्हणालात."

एवढ्यात मागचं दार ढकलून शेजारच्या मास्तरीणबाई आत आल्या. ह्यांना त्यांनी चौथीत शिकवलेलं. बाईंना खोटं बोलता येत नाही. हा गुण म्हणायचा की खोड, हे आमच्या गल्लीनं अजून ठरवलेलं नाही.

"मी तुला मत दिलं नाही रे," त्या उभ्याउभ्याच म्हणाल्या. "सांगितल्याशिवाय झोप लागली नसती."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ह्यांनी मात्र शांतपणे विचारलं, "का, बाई?"

"तू निवडून आलास की कचेरीचा होणार. इथे नळ फुटला, कुणाला दवाखान्यात न्यायचं असलं की आम्ही तुलाच हाक मारतो. नगरसेवकाला अशी हाक मारता येते का? आणि भिंतीवर तुझं नाव एवढंसं. मला वाटलं, ह्याला स्वतःलाच फारसं नकोय, बाकीच्यांसाठी उभा राहिलाय. पलीकडच्या दोन-तीन घरांतही हेच बोलणं झालं."

"म्हणजे तुम्हाला फुकटचा गडी हवा होता!" मी म्हणाले.

ह्यांनी हातानंच मला गप्प केलं. तसा मला तरी बोलायचा काय हक्क होता? मत मी ह्यांनाच दिलं होतं, पण एकोणीसचा आकडा ऐकला तेव्हा क्षणभर मला हायसं वाटलं होतं. बरं झालं, आता माणूस निदान वेळेवर जेवायला तरी येईल, असं मनात आलं होतं. बाईंनी खरं बोलावं आणि मी मूग गिळून बसावं, हे मला जमेना. मी तेही सांगून टाकलं.

त्यांनी हातातला ब्रश खाली ठेवला.

"मला हवं होतं गं," ते म्हणाले.

"काय?"

"निवडून यायचं होतं. सभागृहात बसायचं होतं. कुणीतरी माझ्या नावाची पाटी करावी असं वाटत होतं. इतकं वाटत होतं की भिंतीवर नाव मोठं काढायची लाज वाटली. म्हटलं, लोकांना कळेल."

बावीस वर्षांच्या संसारात ह्यांनी स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. भाजीत मीठ कमी असलं तरी मागत नाहीत. आणि मी त्याला साधेपणा समजत आले. माझी मलाच शरम वाटली. आपण ह्या माणसाला एकदाही विचारलं नाही, तुम्हाला काय हवंय म्हणून.

"चुकलं रे माझं," बाई म्हणाल्या आणि दुसऱ्या डब्यावर बसल्या.

पुढून दारावर थापा पडल्या. "पेंटर! भाषण! पेंटर, भाषण!"

ते लगेच उठले. हाती लागलेल्या फडक्यानं डोळे पुसले, तोंडावर ते नेहमीचं हसू आणलं आणि दाराकडे निघाले. मी त्यांच्या खांद्याला धरून त्यांना पुन्हा डब्यावर बसवलं. दार माझ्यापुरतंच उघडलं आणि त्यात आडवी उभी राहिले.

"आज हे बाहेर येणार नाहीत," मी सगळ्यांना सांगितलं. "निवडणूक हरलेत ते. त्यांना जरा हरू द्या."