दोरीखालचे पंधरा मीटर

कांदिवलीच्या एका कॉलेजचा पोहण्याचा तलाव रविवारी सकाळी तीन तास पाणबुड्यांच्या वर्गाच्या ताब्यात असायचा. कोणीही पाण्यात उतरण्याआधी डेल्रॉय पाण्याखाली एक मीटरवर पिवळी दोरी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणून बांधायचा. ती दोरी म्हणजे छप्पर. समुद्रात चाळीस-पन्नास मीटर खोल गेलेल्या माणसाला जीव घाबरला म्हणून सरळ वर येता येत नाही. रक्तात मुरलेला वायू हळूहळू बाहेर पडू द्यावा लागतो, टप्प्याटप्प्याने थांबत यावं लागतं, नाहीतर माणूस वर येतो तो लुळा होऊन, किंवा जिवंत येतच नाही. उजेड दिसतोय, पण जायला बंदी. हे अंगात भिनावं म्हणून ती दोरी.

दोरीच्या वर डोकं काढलं की तुम्ही मेलात. मग काठावरच्या फळ्यावर आपल्याच हाताने आपलं नाव आणि तारीख लिहायची आणि त्या दिवसापुरतं बाहेर बसायचं. तो धडा नीट जमला की मगच नाव पुसायचं. ही रीत एडवर्ड अंकलची. त्यांनी गोदीत तीस वर्षं पाणबुड्याचं काम केलेलं, आणि उपनगरांत हे शिकवणारे जे कोणी आहेत ते सगळे त्यांच्याच हाताखालचे. आता शहात्तरीला हात थरथरायचे, तरी दर रविवारी मुलाच्या, डेल्रॉयच्या, मोटारसायकलवर मागे बसून यायचे, फळ्याखाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचे. खडूचा डबा मांडीवर.

शिकवायचा मात्र सुबोध मयेकर. शिस्तीला असा कडक, की एकाने कमरेचा पट्टा उलटा बांधला म्हणून त्याला आल्या पावली घरी पाठवलं होतं. नियमावली त्याला तोंडपाठ होती. आणि त्याच नियमावलीतल्या एका ओळीपाशी तो गेली आठ वर्षं अडलेला होता.

ती ओळ पंधरा मीटरची. हवा संपली असं धरायचं, तोंडातली नळी काढायची, थोडे थोडे बुडबुडे सोडत दोरीखालून पंधरा मीटर पोहायचं, पलीकडे थांबलेल्या जोडीदारासमोर गळ्यावरून आडवा हात फिरवायचा, आणि त्याने पुढे केलेली नळी तोंडात घेऊन मग श्वास. सुबोधला हे कधीच जमलेलं नव्हतं. परीक्षेला तीन संधी मिळायच्या; स्वतःच्या परीक्षेच्या दिवशी, ११ डिसेंबर २०१६ला, तो तिन्ही वेळा दोरीच्या वर आला. तीनदा त्याने फळ्यावर नाव लिहिलं. अंकल उठले, त्यांनी ती तिन्ही नावं तळहाताने पुसली आणि कागदावर सही केली. म्हणाले, समुद्रात कुठला जोडीदार पंधरा मीटर लांब असतो? जमेल हळूहळू. त्या सहीवर पास झाल्याचं कार्ड मिळालं, त्या कार्डावर पुढचं, त्यावर शिकवण्याचं. जिना चढत गेला, पण खालची एक पायरी नव्हतीच.

तेव्हापासून अळीमिळी गुपचिळी. शिकवणाऱ्याने प्रत्येक धडा आधी स्वतः करून दाखवायचा असा नियम, पण या धड्याला सुबोध सहज म्हणायचा, "डेल्रॉय, तू दाखव रे," आणि स्वतः पलीकडच्या टोकाला नळी घेऊन उभा राहायचा. आठ वर्षं तो इतरांना हवा देत आला. अकरा जणांना त्याने असं पास केलं, आणि दर वेळी डेल्रॉय मासोळीसारखा सुळकन येऊन नळी घ्यायचा तेव्हा सुबोधची नजर दोरीच्या वरच्या उजेडाकडे जायची. भीती पाण्याची नव्हतीच. वर काहीतरी आहे आणि आपल्याला तिथे जाता येणार नाही, एवढंच त्याला सहन व्हायचं नाही.

आणि आता श्वेता आली होती. समुद्रातल्या प्रवाळांचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत ती नोकरीला होती. मोठी चिकाटीची. बाकी सगळे धडे तिने सहज केले, पण चार रविवार झाले, पंधरा मीटरच्या धड्याला ती अकराव्या-बाराव्या मीटरवर वर यायची. फळ्यावर तिचं नाव महिनाभर तसंच होतं. बुधवारी तिची तुकडी अंदमानला निघणार होती, पंचेचाळीस मीटरवर उतरायला. हातात कार्ड असेल तरच ती जाणार, नाहीतर तिची जागा दुसऱ्याला.

त्या रविवारीही ती बाराव्या मीटरला वर आली. टॉवेल खांद्यावर टाकून सुबोधच्या बाजूला बसली, कागद पुढे केला आणि खालच्या आवाजात म्हणाली, एवढा एकच राहिलाय सर, तुम्ही सही करा, मी तिथे रोज सराव करीन. तशीही समुद्रात माझी जोडीदार हाताच्या अंतरावर असणार.

सुबोधला ते शब्द ओळखीचे वाटले, कारण त्याचं सगळं आयुष्य त्याच शब्दांवर उभं होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. सही करावी तर उद्या पंचेचाळीस मीटरवर हिची हवा अडकली आणि ही सरळ वर सुटली तर? नाही म्हणावं तर कुठल्या तोंडाने? आडात नाही ते पोहऱ्यात मागायला निघालाय, असंच कोणीही म्हटलं असतं. पेन त्याने हातात घेतलं होतं. टोपणही काढलं होतं.

"नाही होणार," तो म्हणाला.

श्वेता रडली नाही. कागद तिने काठावर ठेवला. मग म्हणाली, "सर, चिडू नका. पण चार रविवार मी डेल्रॉयलाच बघतेय. तो लहानपणापासून पाण्यात आहे, त्याला काय. तुम्ही एकदा करून दाखवा ना. तुम्ही केलंत तर मी सही मागणार नाही, गप घरी जाईन."

डेल्रॉय दोरीची गाठ आवळता आवळता थांबला. खुर्चीतल्या म्हाताऱ्याने मान वर केली नाही. खांदा दुखतोय, सर्दी आहे, वेळ संपत आलाय, अशी तीन कारणं सुबोधच्या ओठांवर आली. तिन्ही जुनी होती, घासून गुळगुळीत झालेली. त्याला स्वतःचाच वीट आला. त्याने पाठीवर हवेची नळकांडी चढवली आणि तो पाण्यात उतरला.

पलीकडे आज श्वेता नळी घेऊन होती. डेल्रॉय मागे, चुकलंच काही तर धरायला. सुबोधने श्वास भरून घेतला, नळी सोडली आणि पाय मारला. पाच मीटरपर्यंत सगळं ठीक. सातव्याला बुडबुडे जास्त सुटले. नवव्याला छातीत कोणीतरी मूठ आवळली. समोर श्वेता दिसत होती, तिने नळी आधीच पुढे धरली होती, आणि डोक्यावर ती पिवळी दोरी, तिच्या वर उजेड, हात लांब केला की हवा. थांब, त्याने स्वतःला बजावलं, आठ वर्षं हेच तर सांगतोस दुसऱ्यांना. दहा. अकरा. श्वेता त्याच्याकडे यायला निघाली, जोडीदाराने यावं तशी, आणि त्याला वाटलं जमलं.

तेवढ्यात त्याच्या पायांनी त्याला न विचारता निर्णय घेतला. दोरी त्याच्या कपाळाला घासली, गळ्यावरून सरकली, आणि तो तोंड वासून उजेडात होता. बारा मीटर. श्वेता यायची तिथेच.

तो काठावर आला, नळकांडी उतरवली. श्वेताही मागोमाग आली. तिचा चेहरा बघवत नव्हता, कारण त्यावर राग नव्हता, दया होती. सुबोध फळ्यापाशी गेला आणि त्याने अंकलच्या डब्यातून खडू घेतला. श्वेताच्या नावाखाली त्याने लिहिलं: सुबोध मयेकर. मग तारखेला हात थांबला. ओल्या बोटांत खडू विरघळत होता. त्याने आजची तारीख लिहिली नाही. लिहिली ती ११ डिसेंबर २०१६.

श्वेताने ती वाचली, पुन्हा वाचली, आणि काठावरचा आपला कागद उचलून त्याची हळूच घडी घातली.

सुबोध डेल्रॉयला म्हणाला, ज्या अकरा जणांना शिकवलं त्यांना आज फोन करतो, कार्ड देणाऱ्या संस्थेलाही कळवतो, पुढचा रविवार तू घे. बोलताना त्याला हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. अजून दोरीखालीच असल्यासारखी छाती भरलेली होती.

मागे खुर्ची करकरली. एडवर्ड अंकल उठत होते. डेल्रॉय हात द्यायला धावला, तो त्यांनी बाजूला केला. ते फळ्यापाशी आले आणि त्यांचा थरथरता तळहात वर गेला, अगदी त्या दिवशी गेला होता तसा. आता पुसतील, सुबोधला वाटलं, आणि क्षणभर त्याला मनापासून वाटलं की पुसावं.

"खडू दे," अंकल म्हणाले.

स्वतःचं नाव लिहायला त्यांना खूप वेळ लागला. तारीख लिहायला त्याहून जास्त, कारण ती त्यांनी वरच्या ओळीतून आकडा आकडा बघून उतरवून घेतली.