चौथी टाळी

दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना रविवारी बंद असे, पण फक्त दातांसाठी. दुपार कलली की बाहेरच्या खोलीत, जिथे एरवी लोक गाल धरून बसलेले असत, तिथे घोगरीची मंडळी जमे. भिंतीवर किडलेल्या दाढेचं भलंमोठं चित्र, त्याखाली स्टुलावर रेकॉर्ड प्लेअर आणि खिडकीशी बिस्किटांची ताटली. दवाखान्यात बिस्किटं खाऊ घालून दात किडवायचे ही डॉक्टरांची धंद्याची युक्ती आहे, असं मंडळी म्हणत आणि दुसरं उचलत.

घोगरी म्हणजे गायिका. तिचं खरं नाव प्रत्येक रेकॉर्डवर छापलेलं होतं, पण त्या नावाने तिला ओळखणारा माणूस बाहेरचा, असं इथे धरून चालत. घसा बसल्यासारखा आवाज, म्हणून घोगरी. आणि तसं म्हणायचा हक्क तिला समोर उभं राहून ऐकलेल्यांनाच. तिची एक पद्धत होती. नवी गाणी आधी लोकांपुढे गायची, लोक कुठे डोलतात, कुठे चुळबुळ करतात ते पाहायचं आणि मगच स्टुडिओत जायचं. त्यामुळे तिच्या एकेका रेकॉर्डमागे एकेक संध्याकाळ होती. रविवारचा नियमही त्यावरूनच पडला होता: आधी आठवण, मग रेकॉर्ड.

आता आठवण म्हटली की तिला पाय फुटतात. भूगोलाचे मास्तर छातीठोकपणे सांगत की एक गाणं रेकॉर्डवर आखूड झालं, कारण पहिल्या रांगेत त्यांनी घड्याळाकडे पाहिलं होतं. दुसऱ्या रेकॉर्डमध्ये जी शांतता आहे ती आपल्या शिंकेनंतरची, असा डॉक्टरांचा दावा होता. आणि वायरमन, ज्यांनी उमेदीच्या काळात कार्यक्रमांच्या दिव्यांची कामं केली होती, ते तर अर्धी घोगरी आपल्याच तारांवर पेटली होती अशा थाटात बोलत. कोणी कोणाला खोटं पाडत नसे. प्रत्येकाला आपला वाटा हवा होता आणि तो एकमेकांना देण्यात त्यांचं काही जात नव्हतं.

वाटा नव्हता तो एकट्या वहिनींना. वहिनी म्हणजे वायरमनची बायको. त्या दर रविवारी यायच्या, जिवाचा कान करून ऐकायच्या, आणि गाणं सुरू झालं की दोन्ही हात मांडीखाली घालून बसायच्या. त्यांना थंडी वाजते, असा सगळ्यांचा समज होता.

वहिनी शर्टांच्या कारखान्यात काजाच्या मशीनवर होत्या. बटण जिथून आरपार जातं ती फट म्हणजे काज. सुई एका बाजूने टाके घालत जाते, टोकाला वळते, दुसऱ्या बाजूने परत येते. मग मशीन किंचित थांबतं आणि वरून पातं पडून मधलं कापड चिरतं. पातं पडायच्या आधी कापड ओढलं की शर्ट वाया. नव्या मुली घाई करतात आणि सुपरवायझरची बोलणी खातात. वहिनींच्या अंगात ते थांबणं इतकं मुरलं होतं की दार वाजवतानाही त्या तीन थापा मारून जरा थांबत आणि मग चौथी मारत. आत कोणी 'कोण आहे' म्हणून विचारतच नसे.

हीच खोड त्यांना त्या संध्याकाळी नडली. पत्र्याच्या छपराचं एक मोठं गोदाम होतं, तिथे घोगरीचा कार्यक्रम होता आणि दिवे वायरमनकडे होते. नवं लग्न, नवं काम आणि छातीवर लटकवलेला पास. त्यांनी बायकोला ऐटीत पार पुढे नेलं आणि दिव्यांच्या खांबाशी उभं केलं, ड्रमवाल्याच्या अगदी खाली. गाणं रंगलं, लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला. एक, दोन, तीन, चार. वहिनींनीही धरला. पण सगळ्यांची चौथी वाजून गेली तरी त्यांची पडलीच नव्हती. ती पडली मागाहून, एकटी, आणि वरच्या पत्र्याने ती गोदामभर केली. शेजारच्या चष्मेवाल्या बाईने वळून पाहिलं. वहिनी इतक्या रंगल्या होत्या की त्यांना पत्ताच नाही. पुढच्या गाण्यालाही तेच, त्याच्या पुढच्यालाही तेच. शेवटी वायरमन शिडीवरून सरसर उतरले आणि त्यांनी गाण्याच्या मधोमध बायकोचं मनगट धरलं.

"अगं, काय चाललंय तुझं! ताल चुकतोय. घोगरी इकडेच बघतेय!"

घोगरी खरंच बघत होती. वहिनींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानंतर त्यांनी कधी टाळी म्हणून वाजवली नाही. मुलीला शाळेत बक्षीस मिळालं तेव्हा सगळ्या आया टाळ्या वाजवत होत्या आणि या उभ्या राहून रुमाल हलवत होत्या.

पुढच्या वर्षी निळी रेकॉर्ड आली. निळ्या वेष्टनातली, म्हणून निळी. तिच्यातलं पहिलंच गाणं रेडिओवर लागलं तेव्हा वहिनी इस्त्री करत होत्या. नुसत्या टाळ्यांनी गाणं सुरू झालं: एक, दोन, तीन... आणि थोडं थांबून, चौथी. वहिनी ऐकत राहिल्या आणि इस्त्री शर्टावरच राहिली. वास आला म्हणून वायरमन धावत आले, तर बायको जळक्या शर्टाकडे न बघता रेडिओकडे बघतेय.

"अहो, ही माझी टाळी आहे."

वायरमन हसले. मनापासून, भिंतीला टेकून हसले. "उद्या म्हणशील, घोगरीचा घसासुद्धा माझाच!"

माणूस वाईट नव्हता. आयुष्यभर त्याने बायकोला उणा शब्द ऐकवला नाही. पण ते हसणं वहिनींच्या मनाला लागलं ते लागलंच. त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. इकडे निळी रेकॉर्ड गावोगाव गाजली. टीव्हीवर सामना लागला की अख्खं स्टेडियम त्या टाळ्या वाजवे. तीन वाजवून हजारो माणसं एकदम थांबत, आणि सोफ्यावर बसलेल्या वहिनींच्या अंगावर मूठभर मांस चढे. शेजारी बसलेल्या माणसाला मात्र त्यातलं काही कळत नसे. जगाने मानावं अशी त्यांची इच्छा कधीच नव्हती. या एका माणसाने मानावं, एवढंच त्यांना हवं होतं.

आणि मग एका मंगळवारी डॉक्टरांच्या खुर्चीत एक म्हातारा दाढ काढायला येऊन बसला. तोंडात औजारं, डोळे मिटलेले आणि बोटं खुर्चीच्या हातावर ठेका धरून. डॉक्टरांनी तो ठेका ऐकला, तो चेहरा नीट पाहिला आणि त्यांच्या हातातला चिमटा तसाच राहिला. घोगरीचा ड्रमवाला! दाढ निघाली, पण डॉक्टरांनी त्याला पुढच्या रविवारी येण्याचं वचन घेतल्याशिवाय खुर्चीतून उठू दिलं नाही.

त्या रविवारी मंडळी जणू सोयरिकीच्या बैठकीला जायचंय अशी सजून आली. मास्तरांनी टाय बांधला होता. वायरमननी दाढेच्या चित्रावर मुद्दाम एक दिवा सोडला होता, का ते त्यांनाच ठाऊक. पाहुणे आले की निळ्या रेकॉर्डच्या टाळ्यांनी स्वागत करायचं ठरलं होतं. फुलं कोणी धरायची, असा प्रश्न निघाला तेव्हा वायरमन पटकन म्हणाले, "ही धरेल. टाळ्यांचं हिला काही जमत नाही." वहिनींनी गुच्छ दोन्ही हातांनी घट्ट धरला. त्यांच्या हातांना कामच मिळालं होतं, पण ते काम त्यांच्या जिव्हारी लागलं.

ड्रमवाला आला. गाल अजून सुजलेला, त्यामुळे हसला की अर्धंच हसे. टाळ्या झाल्या, फुलं झाली, चहा झाला. फुलं त्याने 'राहू द्या तुमच्याकडेच' म्हणून वहिनींच्या मांडीवर परत ठेवली. मग मंडळींनी त्याला मधोमध बसवलं आणि इतक्या रविवारी न सुटलेला प्रश्न एकदाचा त्याच्यापुढे ठेवला: निळ्या रेकॉर्डची चौथी टाळी उशिरा का?

"लंगड्या घोड्याची चाल आहे ती," मास्तर म्हणाले. "डोंगराळ भागात ऐकलीय मी."

"छे! तुमचं मनगट दुखत होतं, हो ना?" डॉक्टर म्हणाले.

"दिवे जायच्या आधी असे लुकलुकतात," वायरमन म्हणाले. "त्यावरून सुचलं असणार."

ड्रमवाला सगळ्यांचं ऐकून घेऊन अर्धा हसला. "नाही हो. ती आमची नव्हतीच. ती लोकांतून आली."

त्याने सुजलेल्या गालावरून हात फिरवला.

"पत्र्याचं एक गोदाम होतं. माझ्या डाव्या हाताला, खाली, दिव्यांच्या खांबाशी कोणीतरी टाळ्या वाजवत होतं. तीन बरोबर, चौथी मागे. मला वाटलं, असेल कोणी ताल चुकणारा, येईल रुळावर. मी ठेका जोरात धरला, हळू केला, पुन्हा ओढला. छट! तो हात काही हलेना. प्रत्येक वेळी तेवढंच थांबायचं, तसूभर इकडेतिकडे नाही. चुकणारा माणूस दर वेळी वेगळा चुकतो. हा चुकत नव्हता, हा कशाची तरी वाट बघत होता. तिसऱ्या गाण्याला मी हरलो आणि त्याच्या मागे गेलो. घोगरीने वळून माझ्याकडे पाहिलं, मग त्या खांबाकडे. गाणं असं काही उचललं गेलं म्हणून सांगू! आणि ऐन भरात असताना टाळी बंद. एकदम. जसं कोणी..."

त्याने आपलंच मनगट दुसऱ्या हाताने धरलं.

"मी आणि घोगरी, आम्ही कार्यक्रम संपेपर्यंत त्या टाळीची वाट पाहिली. स्टुडिओत मग आठवून आठवून केली तशी. लोकांना आवडली. पण खरं सांगू? ती नाहीये ती. माझी जरा लवकर पडते. घोगरीने गाणं सोडलं, मुलीकडे राहते आता, पण अजून फोनवर विचारते: मिळाला का रे आपला तो माणूस?"

वायरमन खुर्चीतून अर्धवट उठले होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला आणि मग लाल झाला. ते बायकोकडे बघत होते. वहिनी खाली फुलांकडे बघत होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांतलं पाणी त्या फुलांवर पडत होतं. दुःखाचं नव्हतं ते.

"मी धरला होता," वायरमन म्हणाले. "तो हात मी धरला होता. ही सांगत होती मला. रेडिओवर लागलं त्याच दिवशी सांगितलं हिने. आणि मी हसलो."

वायरमन बायकोपुढे आले, त्यांनी मांडीवरचा गुच्छ उचलून स्वतःच्या हातात घेतला, आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "वाजव गं."

"अहो, इतक्या वर्षांनी... चुकेल माझं."

"चुकू दे. चुकलं तर जगाने बदलावं. मागच्या वेळी बदललंच की!"

वहिनी हसल्या. मग त्यांनी हात पुढे केले. कारखान्याने राठ केलेले, सुईच्या खुणा असलेले हात. एक. दोन. तीन. खोलीतल्या सगळ्यांचे हात चौथ्या टाळीला जुळता जुळता अडकले, आणि मग, काज पुरं करून वरचं पातं पडतं तशी, चौथी पडली.

ड्रमवाल्याने डोळे मिटले. "हीच," तो म्हणाला. "हीच ती." त्याने डॉक्टरांचा स्टीलचा ट्रे मांडीवर ओढला आणि दोन चमच्यांनी मागोमाग ठेका धरला. मास्तर हात चोळत बसले होते, डॉक्टर उगाचच चष्मा पुसत होते, आणि वायरमन गुच्छ छातीशी धरून असे उभे होते की जणू काही बक्षीस त्यांनाच मिळालं होतं. पुढे कित्येक रविवार त्यांनी नव्या येणाऱ्या प्रत्येकाला ती हकिगत सांगितली आणि प्रत्येक वेळी हात धरणारा मूर्ख कोण होता तेही स्वतःच सांगितलं.

पण त्या दुपारी वहिनींचं कोणाकडेच लक्ष नव्हतं. त्या मान किंचित कलती करून ट्रेवरचा ठेका ऐकत होत्या. एक, दोन, तीन, चार. एक, दोन, तीन, चार. मग त्यांनी हात वर केला आणि साऱ्या देशाला ठेका धरायला लावणाऱ्या त्या माणसाला थांबवलं.

"घाई होतेय तुमची," वहिनी म्हणाल्या. "पातं पडू द्या. हं, परत."